पत्र्याची पेटी, प्लास्टिकचा खोका की डीजेवाल्यांची केस: अंतराळ सैनिकाच्या पोशाखाला काय शोभतं, काय टिकतं

पेटीवाल्याकडे गेलात की मापाच्याही आधी एक गोष्ट सांगा: पेटीला रंग देऊ नका, कोरीच द्या. त्याला नवल वाटेल, कारण आंदणाची पेटी म्हटली की गिऱ्हाइकाला तिच्यावर मोर आणि गुलाब हवेच असतात. पण विज्ञानकथेतल्या पोशाखाशी जुळणारी पेटी सजवायची असेल, तर सगळं काम कोऱ्या पत्र्यापासूनच सुरू होतं. बाजारपेटीवरचा रंग बहुधा प्रायमरशिवाय मारलेला असतो. त्यावर कितीही चांगलं काम केलं तरी तळचा थर सुटतो आणि वरचं सगळं सोबत घेऊन जातो.

छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, लातूर इथून मुंबई, पुणे किंवा हैदराबादच्या कॉमिक कॉनला (कथा-सिनेमांतल्या पात्रांचे पोशाख घालून लोक जमतात त्या मेळ्याला) पोशाख नेणाऱ्यांसाठी हे परीक्षण आहे. तीन वस्तू समोर ठेवल्या आहेत: पत्र्याची पेटी, चाकं लावलेला मोठा प्लास्टिकचा खोका, आणि डीजे-ऑर्केस्ट्रावाले स्पीकर-मिक्सर ठेवायला वापरतात ती प्लायवूडची केस. आमचा कौल पत्र्याच्या पेटीला आहे, पण सरसकट नाही.

रंगाआधी उन्हाचा विचार करावा लागतो. मे महिन्यात इकडे पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. थ्रीडी प्रिंट केलेले भाग बहुतेक वेळा पीएलए या प्लास्टिकचे असतात आणि पीएलए ५५ ते ६० अंशांना मऊ पडू लागतं. पीईटीजी साधारण ८० पर्यंत आणि एबीएस १०० च्या आसपासपर्यंत आकार धरून राहतं. गाडीच्या टपावर भर उन्हात बांधलेली काळी पेटी आतून पीएलएची मर्यादा गाठू शकते. मग छातीच्या पट्ट्याला बाक येतो, बंदुकीची नळी खाली झुकते आणि ते परत सरळ होत नाही. ईव्हीए फोम, म्हणजे पोशाखाचे कवच करायचा दाट फोम, स्वतः वितळत नाही, पण रबरी गोंदाचे सांधे उकलतात आणि गोलाई दिलेला खांद्याचा भाग वजनाखाली सपाट होतो.

म्हणून आमची पहिली अट: पोशाख काळाकुट्ट असला तरी पेटीचं झाकण पांढरं किंवा फिकट करडं ठेवा. काळा, गडद निळा, बंदुकीच्या लोखंडाचा रंग हे सगळं चारही बाजूंना जाऊ द्या. दिसायलाही ते चांगलंच दिसतं, कारण अंतराळयानाच्या सामानाच्या पेट्या दोनरंगी असल्या की जास्त खऱ्या वाटतात. प्रवासात वरून एक जाड वाकळ टाका. ती ऊनही अडवते आणि रंगावर दोरीचे व्रणही पडू देत नाही.

आता प्लास्टिकचा खोका. हलका, स्वस्त, चाकांवर ओढता येणारा, पावसात न गंजणारा. सजावटीसाठी मात्र तिन्हींत सगळ्यात अवघड. खोका उलटा करून तळाचा त्रिकोण पाहा. आत ५ असेल तर ते पॉलिप्रोपिलीन. या प्लास्टिकला रंग धरत नाही. पाणी टाकलं तर पसरत नाही, थेंब थेंब होऊन उभं राहतं, आणि रंगाचंही तेच होतं. साधा स्प्रे मारलात तर पहिल्या दिवशी छान दिसेल, आठवड्याने नखाने सोलून निघेल. यावर उपाय गॅरेजात आहे. गाड्यांचे बंपर बहुतेक याच जातीच्या प्लास्टिकचे असतात, त्यामुळे डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना लागणारा बंपरचा प्लास्टिक प्रायमर ऑटो पेंटच्या दुकानात मिळतो. आधी भांड्यांच्या साबणाने खोका धुवा, करड्या स्कॉचब्राइटने सगळीकडे समान घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग प्रायमरचा एकच पातळ थर द्या. जाड दिलात तर तोच सोलतो. त्यानंतर डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आतच वरचा रंग चढवायचा. ती वेळ टळली की प्रायमरचा उपयोग जातो.

एवढं करूनही एक दोष राहतोच. भरलेला खोका दोघांनी उचलला की बाजूच्या भिंती फुगतात आणि रंग उभ्या कण्यांजवळ तडकतो. खोक्याच्या दाणेदार पृष्ठभागावर रेडियमची अक्षरंही नीट बसत नाहीत, कडा उचलल्या जातात. म्हणून खोका घ्यायचाच असेल तर पोशाखाशी जुळणाऱ्या रंगाचाच शोधा, वर फक्त नट-बोल्टने बसवलेल्या दोन-तीन पाट्या लावा आणि रंगकाम सोडून द्या. गुडघे-कोपरांचे पट्टे, बूट, हातमोजे, बेल्ट ठेवायला तो उत्तम आहे.

डीजेवाल्यांच्या केसला सजावटीची जवळजवळ गरजच नसते. ९ मिमी प्लाय, कडेला ॲल्युमिनियमची अँगल, कोपऱ्यांवर स्टीलचे गोळे, फुलपाखरासारख्या फिरणाऱ्या कड्या. ही वस्तू मुळातच यानातून उतरवल्यासारखी दिसते. हेल्मेटसाठी याहून चांगलं घर नाही. पण वजन पाहा. पेटीच्याच मापात (३६ × २१ × १८ इंच) केली तर नुसती प्लायच १३ किलोच्या आसपास भरते आणि लोखंडी सामान धरून ती वीसच्या घरात जाते. दुसरं, वाळवी. काळ्या जमिनीवरच्या घरात प्लायची वस्तू भिंतीला आणि जमिनीला टेकवून महिनोन्महिने ठेवू नये. म्हणून मोठी केस नकोच. फक्त हेल्मेटपुरती, आतून साधारण १४ इंचाची चौकोनी करून घ्या.

आता पेटीकडे. कारागिराकडून करून घेण्यात जी मोकळीक मिळते, ती बाकीच्या दोन्हींत नाही, आणि म्हणूनच आम्ही तिच्यावर एवढा भर देतो. पत्रा २४ गेजचा घ्या, म्हणजे जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त. ३६ × २१ × १८ इंचाच्या पेटीत नुसता पत्राच सुमारे १० किलो लागतो, तर पोटात जागा सव्वादोनशे लिटरच्या आसपास मिळते. २६ गेज दोन किलोंनी हलकं पडतं, पण त्याचं झाकण दाबलं की ‘डबक’ करून आत जातं आणि सोडलं की वर येतं. प्रत्येक डबक्याला वरचा रंग आणि चिकटवलेले भाग थोडे थोडे सुटत जातात. २२ गेज भक्कम, पण मग पोशाखापेक्षा पेटीच जड.

पत्रा कापून झाल्यावर आणि घडी घालण्याआधी कारागिराला थांबवा. झाकण कडक व्हावं म्हणून तो पत्र्यावर लांब पट्ट्या उठवतो. त्या कुठे उठवायच्या हे तुम्ही मार्करने आखून द्या. सरळ तीन रेषांऐवजी एक रेष मध्येच ४५ अंशांत वळवा, एक कोपऱ्यापासून सुरू करून अर्ध्यावर सोडा. पोशाखाच्या छातीवर ज्या रेषा आहेत त्याच झाकणावर आल्या की पेटी आणि पोशाख एकाच कारखान्यातले वाटतात. हे काम नंतर फोम चिकटवून करण्यापेक्षा कितीतरी टिकाऊ आहे, कारण पत्र्यात उठवलेली रेष कधी सुटत नाही.

पत्रा कुठला हेही विचारा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, त्यावर बर्फाच्या काचेसारखी नक्षी दिसते. सीआर, म्हणजे मुलामा नसलेला थंड लाटलेला पत्रा, सपाट करडा, हाताला तेलकट लागतो आणि लगेच गंजू शकतो. दोन्हींची रंगाची रीत वेगळी आहे, आणि सगळ्यात जास्त पेट्या इथेच बिघडतात. जस्तावर थेट ऑइल पेंट मारला की रंगातलं तेल आणि जस्त यांची रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो. काही महिन्यांनी रंग पापुद्र्यांनी निघतो. ‘रंग हलका होता’ असं सगळे म्हणतात, पण दोष रंगाचा नसतो. जीआयवर आधी एच (etch, म्हणजे पत्र्याला किंचित कुरतडून पकड देणारा) प्रायमर लागतो. दोन डब्यांचा असतो, आम्ल मिसळायचं, मिसळलेलं त्याच दिवशी संपवायचं आणि थर इतका पातळ द्यायचा की खालचा पत्रा थोडा दिसत राहावा. त्यावर एच प्रायमरच्या डब्यावर सांगितलेला प्रायमर, मग वरचा रंग. सीआर पत्र्याचं तेल एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरने काढा, १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि लगेच इपॉक्सी प्रायमर द्या. रेड ऑक्साइड चालतं, पण त्यावर थिनर जास्त असलेला ड्युको (लवकर सुकणारा एनसी रंग) मारला तर खालचा थर सुरकुततो.

संभाजीनगरजवळ असाल तर एक वेगळी सोय आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत पावडर कोटिंगचं जॉबवर्क चालतं. एकच पेटी घेऊन गेलात तर ती चालू बॅचसोबत भट्टीत जाते, म्हणून रंग त्यांच्याकडे आज कुठला चालला आहे यावर ठरवा. इलेक्ट्रिक पॅनेलसाठी आरएएल या रंगसूचीतला ७०३५ हा फिकट करडा सर्रास लागतो, आणि तो झाकणासाठी अगदी हवा तसाच आहे. बाजूंसाठी ७०१६ म्हणजे कोळशासारखा गडद करडा, पट्ट्यांसाठी २००४ म्हणजे नारिंगी. कोड सांगितला की नमुना दाखवावा लागत नाही. पावडर कोटिंग हातरंगापेक्षा कडक बसतं आणि रेल्वेत घासाघीस झाली तरी सहज उडत नाही.

पण तीन गोष्टी सांभाळा. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, त्यामुळे रबर, प्लास्टिकची मूठ, लांबी (पुट्टी) भरलेले खड्डे, फोम यातलं काहीही पेटीवर असता कामा नये. तिथे जाताना जीआयपेक्षा सीआर पत्रा बरा, कारण जस्तातून निघणाऱ्या वायूमुळे रंगात टाचणीएवढी भोकं पडतात. आणि तिसरी, सहसा कोणी न सांगणारी: पेटीच्या कडेला पत्रा दुहेरी वळवलेला असतो, त्या घडीत धुण्याच्या टाकीतलं पाणी अडकतं. ते वाळवलं नाही तर महिन्याभराने घडीतून गंजाचा लाल ओघळ पांढऱ्या झाकणावर उतरतो. काम देतानाच ‘घड्या वाळवून घ्या’ असं स्पष्ट सांगा.

हाताने रंगवणार असाल तर हवामान हाच मोठा कारागीर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्प्रे मारला की थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, शिवाय एक वावटळ आली की सगळं काम धुळीत. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आटपा. पावसाळ्यात ड्युकोवर पांढुरकी झाक चढते. तळ सोडून बाहेरचा भाग सुमारे १.८ चौरस मीटर भरतो. स्प्रेचे ४०० मिलीचे कॅन वापरत असाल तर दोन थरांना तीन कॅन धरा, ब्रशने इनॅमल मारत असाल तर अर्ध्या लिटरचा डबा पुरतो. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) पेंट वापरणार असाल तर तोंडाला रुमाल पुरत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचं नुकसान करू शकतं. कार्ट्रिजचा मास्क नसेल तर हे काम गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या.

हॅमरटोन पेंटबद्दल दोन शब्द. हातोडीने ठोकल्यासारखी नक्षी देणारा हा रंग मोठ्या हार्डवेअर दुकानात यंत्रांसाठी मिळतो. पत्र्यावरचे बारीक पोचे तो पोटात घेतो, म्हणून लांबी भरायचं काम वाचतं. चारही बाजूंना तो सुंदर दिसतो. पण ज्या जागी अक्षरं यायची ती जागा मास्किंग टेपने झाकून सपाट ठेवा. हॅमरटोनवर रेडियम चिकटत नाही.

अक्षरांसाठी गाड्यांच्या नंबरप्लेट करणारा रेडियमवाला गाठा. त्याच्याकडे कटिंगचं यंत्र असतं, चित्राची फाईल दिली की तो तासाभरात कापून देतो. रंग मारून किमान आठवडा जाऊ द्या. ओल्या रंगातून थिनर बाहेर पडत असतो आणि रेडियमखाली फुगे धरतो. चिकटवताना पत्र्यावर साबणाचं पाणी फवारा, अक्षर जागेवर सरकवा, मग जुन्या एटीएम कार्डाला कापड गुंडाळून मधून कडेला पाणी काढा.

आमची आग्रहाची सूचना आहे की अक्षरं देवनागरीत घ्या. ‘शस्त्रकक्ष ७’, ‘प्राणवायू’, ‘उघडण्याआधी दाब तपासा’ असं पेटीवर असलं की ती आपल्या यानातली वाटते. रेडियमऐवजी स्टेन्सिलने रंगवायचं असेल तर एक अडचण आधीच सोडवा. प, म यांसारख्या अक्षरांच्या पोटातला तुकडा शिरोरेषेमुळे, आणि व, ब, ष यांचा अक्षराच्या स्वतःच्या रेषांमुळेही, चारही बाजूंनी बंद होतो आणि स्टेन्सिल कापताना गळून पडतो. त्यासाठी शिरोरेषेत ३ मिमीची फट सोडा, म्हणजे तेवढ्या जागेचा कागद तुकड्याला धरून ठेवतो; व, ब, ष यांच्यात अक्षराच्या रेषेतही अशीच फट लागते. सगळ्या अक्षरांना तीच फट त्याच जागी दिली की तो दोष न दिसता एक शैली दिसते, लष्करी सामानावर असते तशी.

उठावाचे भाग लावायचे असतील तर फ्लेक्सवाल्याकडचा ३ मिमी सनबोर्ड ईव्हीएपेक्षा बरा. त्याच्या कडा पेपर कटरने ४५ अंशांत तासता येतात आणि पेट्या एकावर एक ठेवल्या तरी तो दबत नाही. त्यावर थेट एनसी थिनरचा रंग मारू नका, पृष्ठभाग विरघळतो. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक द्या. चिकटवायला फेविकॉल एसआरसारखा रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावा, बोटाला न चिकटण्याइतका सुकू द्या आणि मग दाबा. डब्यावरच्या वेळेवर विसंबू नका. चाळीस अंशांत तो निम्म्या वेळात मरतो आणि नंतर कितीही दाबलं तरी धरत नाही. झाकणावरच्या प्रत्येक तुकड्याला गोंदाबरोबर दोन पॉप रिवेटही मारा, ३.२ मिमीचे, वर वॉशर घालून. रिवेटच्या आतल्या टोकाला बारीक धार राहते आणि ती कापडी पोशाखात अडकून धागे ओढते. आतून फोमची पट्टी लावल्याशिवाय पोशाख ठेवू नका.

जुनाट, लढाई पाहिलेली पेटी हवी असेल तर खालचा रंग चंदेरी द्या, त्यावर क्लिअर लॅकर, मग जाडं मीठ किंचित ओल्या पृष्ठभागावर चिमटीने टाका, ते सुकल्यावर वरचा रंग मारा आणि शेवटी मीठ घासून काढा. मीठ निघालेल्या जागी चंदेरी धातू उघडा दिसतो. लॅकरचा थर गाळू नका, कारण मीठ उघड्या पत्र्याला लागलं तर खरा गंज चढेल आणि तो थांबणार नाही. काम झाल्यावर दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. मीठ कुठे टाकायचं हे महत्त्वाचं: कोपरे, कडीच्या आजूबाजूला, मुठीखाली, तळाच्या कडेला. जिथे हात लागतो आणि जिथे पेटी जमिनीवर घासते तिथेच रंग उडतो. झाकणाच्या मधोमध खरवडलेलं दिसलं की बघणाऱ्याला ते खोटं आहे हे लगेच कळतं. काळेपणासाठी एक भाग काळ्या ॲक्रिलिकला आठ भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. रेषांमध्ये ओघळू द्या, दोन मिनिटांनी सुती फडक्याने वरचं पुसा. कडेला बसलेली काजळी तशीच राहू द्या.

आतल्या बाजूला २५ मिमी ईपीई फोम, म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा लवचीक फोम, लावा. सोफ्याचा जुना फोम नको. दमट हवेत तो भुगा होतो आणि रंगाला चिकटतो. रंगवलेल्या भागांना बबल रॅपमध्ये गुंडाळू नका, उन्हाळ्यात रंगावर गोल गोल ठसे उमटतात. जुन्या सुती लुगड्याचं मऊ कापड सगळ्यात चांगलं. डांबरगोळ्या तर अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतात आणि रंग चिकट होतो. सिलिका जेलच्या पुड्या टाका. दिव्यांच्या बॅटऱ्या काढून घरातच थंड जागी ठेवा. माळवदाचं घर असेल तर पेटीला तिथल्याइतकी चांगली जागा नाही. स्लॅबच्या घरात माळ्यावर चढवू नका, पलंगाखाली विटांवर ठेवा.

रेल्वेने जाणाऱ्यांनी पेटी करायला टाकण्याआधीच माप बदलावं. डब्यात सोबत नेण्याच्या पेटीची मर्यादा १०० × ६० × २५ सेंमी आहे, आणि एसी थ्री टियर व एसी चेअर कारमध्ये ५५ × ४५ × २२.५ सेंमी. १८ इंच उंचीची पेटी त्यात बसत नाही, ती ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) बुक करावी लागते. देवगिरी किंवा तपोवनने मुंबईला नेणार असाल तर स्लीपर किंवा सेकंड सीटिंगसाठी ३६ × २१ × ९.५ इंचाची बसकी पेटी करा. बर्थखाली सरकवता येते. छाती, पाठ, मांड्यांचे भाग आडवे ठेवले की तिच्यात मावतात, हेल्मेट मात्र कापडी पिशवीत घालून हातातच न्यावं लागतं. स्लीपरमध्ये माणशी ४० किलो सामान मोफत असतं, त्यात ही पेटी आरामात बसते. दोन्ही बाजूंना साखळी ओवता येईल अशा जाड कड्या करून घ्या, आणि एवढंच पाहा की कडीच्या आतून पत्र्याची दुसरी पट्टी दिलेली आहे. ती नसेल तर साखळीच्या एका हिसक्याला २४ गेजचा पत्रा कडीसकट फाटतो.

एवढं सगळं करून परत आल्यावर पेटीला दोन-चार ओरखडे पडलेले असणारच. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक रंगाचा कोड, मिसळण्याचं प्रमाण आणि रंगवल्याची तारीख लिहून ठेवा, आणि प्रत्येक रंगातला ५० मिली हार्डनर न मिसळता छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. अर्धी बाटली ठेवलीत तर वर साय धरते.